नुसत्या बोलण्याचा दिवस

ज्या गावातली माणसे वैशाखाच्या उकाड्यात लवकर जेवणे आटोपतात, सतरंजीवर गुडघ्याला गुडघा लावून बसतात आणि तासभर एकाच माणसाचे बोलणे ऐकून घेतात, त्या गावात ‘नुसते बोलणे कोण ऐकणार?’ हा प्रश्न निघावयास नको. पण निघतो खरा. बारामतीत एका चहाच्या दुकानात आम्ही सहज रेडिओचा विषय काढला, तेव्हा मालकांनी आपला नियम सांगितला : गाणे लागले की आवाज वाढवायचा, बोलणे सुरू झाले की कान पिळून गप्प करायचे. मौज अशी की हेच गृहस्थ व्याख्यानाला पहिल्या ओळीत बसलेले आम्ही दरवर्षी पाहतो. समोर उभा राहून बोलणारा त्यांना चालतो, पेटीतून बोलणारा चालत नाही. असे का व्हावे, आणि असे नेहमीच होते काय, याचा थोडा शोध घ्यावा म्हणून हा विषय निवडला आहे.

दिवसभर बोलण्यावर चालणारे एक नामांकित नभोवाणी केंद्र इंग्लंडात आहे. बी.बी.सी. या संस्थेच्या अनेक वाहिन्यांपैकी ‘रेडिओ फोर’ हे त्याचे नाव. ३० सप्टेंबर १९६७ रोजी हे नाव आले. त्याआधी १९३९ पासून तीच सेवा ‘होम सर्व्हिस’ म्हणून चालत असे. तिथला दिवस कसा असतो ते आधी पाहू. वेळा अधूनमधून पाच-दहा मिनिटांनी सरकतात, पण दिवसाची चौकट फारशी बदललेली नाही.

पहाटे पावणेसहाच्या सुमारास शेतीविषयक कार्यक्रम लागतो. लंडनसारख्या शहरात, जिथे गाय पाहावयास मुलांना सहलीला न्यावे लागते, तिथेही गव्हाचे भाव आणि जनावरांचे रोग ऐकतच लोक दाढी करतात. सहापासून बातम्या आणि मुलाखती; हा कार्यक्रम १९५७ पासून चालू आहे. मंत्र्याला सकाळी सकाळी उलटतपासणी द्यावी लागते, आणि त्याच गडबडीत मध्येच दोन-तीन मिनिटे कुणी पाद्री, कुणी रब्बी, कुणी शीख किंवा हिंदू गृहस्थ दिवसापुरते चिंतन सांगून जातो. दहा वाजता स्त्रियांचा कार्यक्रम. तो ऑक्टोबर १९४६ मध्ये सुरू झाला तेव्हा त्याचा पहिला निवेदक पुरुष होता, हे आज सांगितले तर तिथल्या बायकाही हसतात. दुपारी श्रुतिका. सायंकाळी सहाला पार्लमेंटच्या घड्याळाचे ठोके आणि बातम्या, मग अर्धा तास विनोद, मग सातला एका खेड्याची गोष्ट. रात्री झोपताना पंधरा मिनिटे एखाद्या पुस्तकाचे वाचन. याखेरीज आठवड्यातून एकदा एक पाहुणा येतो. त्याला एका निर्जन बेटावर एकटे सोडले आहे असे समजून, बरोबर कोणत्या आठ ध्वनिमुद्रिका नेशील, असे विचारतात. १९४२ सालापासून हा खेळ चालू आहे. गाण्याचे निमित्त करून माणसाला आपल्या आयुष्याविषयी बोलते करण्याची ही युक्ती आम्हांला फार आवडते.

आणि सगळे संपल्यावर, मध्यरात्रीनंतर पाऊण तासाने, समुद्रावरचे हवामान. ब्रिटिश बेटांभोवतीच्या समुद्राचे ३१ भाग पाडले आहेत : डॉगर, फिशर, जर्मन बाइट अशी त्यांची नावे. प्रत्येक भागाचे नाव घ्यावयाचे, मग वाऱ्याची दिशा आणि जोर, मग पाऊस की धुके, मग दृष्टी किती पोचेल ते. सारा मजकूर साडेतीनशे-पावणेचारशे शब्दांत बसवावा लागतो. ज्याची बोट त्या समुद्रात आहे त्याच्या जिवाशी याची गाठ. पण पांघरूण ओढून घरात पडलेली कितीतरी माणसे हे सारे कान देऊन ऐकतात. त्यांना त्यातले अर्धे कळत नसेल. आपण अंथरुणात आहोत आणि त्या क्षणी दुसरे कुणी लाटांवर आहे, एवढे मात्र कळते.

सातच्या खेड्याच्या गोष्टीविषयी अंमळ सविस्तर सांगावयास हवे. दुसरे महायुद्ध संपले तरी इंग्लंडात अन्नधान्याचे रेशनिंग १९५४ पर्यंत चालू होते. शेतकऱ्याने जास्त पिकवावे, नवी अवजारे, नवी खते वापरावीत यासाठी सरकारची धडपड होती. पण शेतीवरची रेडिओची भाषणे शेतकरी मुळी ऐकतच नव्हते. १९४८ मध्ये बर्मिंगहॅमला शेतकऱ्यांची बैठक झाली. त्यात एका शेतकऱ्याने सुचविले की त्या काळी रेडिओवर गाजत असलेल्या गुप्तहेराच्या थरारक मालिकेसारखे काही शेतीवर करा. लोकांना हसू आले. बी.बी.सी.च्या गॉडफ्रे बेस्ली यांना मात्र ते पटले. आंब्रिज नावाचे एक काल्पनिक खेडे वसविण्यात आले, आर्चर नावाचे एक शेतकरी कुटुंब तिथे नांदू लागले, आणि १ जानेवारी १९५१ पासून ‘द आर्चर्स’ ही मालिका देशभर सुरू झाली. सासू-सुनेच्या बोलण्यात हळूच खताचे प्रमाण यावे, मुलीच्या लग्नाच्या गडबडीत गोठ्याच्या स्वच्छतेचा विषय निघावा, असा बेत. २२ सप्टेंबर १९५५ रोजी त्या घरची तरुण सून आगीत सापडून मेली असे दाखविले, तर सारे राष्ट्र हळहळले. त्याच रात्री इंग्लंडात पहिली व्यापारी दूरचित्रवाणी सुरू होत होती, बी.बी.सी.ने मुहूर्त साधला असे लोक म्हणत. शेतीचे धडे देण्याची जबाबदारी १९७२ मध्ये मालिकेने सोडली, पण खेडे अजून नांदते आहे.

आता कुणी म्हणेल, बारामती-इंदापूरच्या माणसांना आंब्रिजचे काय? तर नाते आहे, आणि जवळचे आहे. आपली नभोवाणी त्याच साच्यातून निघाली. मुंबईचे केंद्र २३ जुलै १९२७ रोजी एका खाजगी कंपनीने सुरू केले होते. ती कंपनी बुडाल्यावर सरकारने ते हाती घेतले. १९३५ मध्ये बी.बी.सी.तून लायोनेल फील्डन हे गृहस्थ आपल्याकडे प्रमुख म्हणून आले आणि १९३६ मध्ये ‘ऑल इंडिया रेडिओ’ हे नाव पडले. शिकवावे, माहिती द्यावी, रंजन करावे ही बी.बी.सी.ची तीन कामे आपल्याकडे ‘बहुजनहिताय बहुजनसुखाय’ या संस्कृत वेषात आली. एवढेच काय, १९४२ पासून १९५८ पर्यंत, मधला थोडा खंड सोडला तर, खुद्द लंडनहून मराठीत प्रक्षेपण होत असे.

पुण्याचे केंद्र सुरू झाले २ ऑक्टोबर १९५३ रोजी. त्या केंद्राचे नाव काढले की लोकांना ‘गीतरामायण’ आठवते, आणि ते योग्यच आहे. १ एप्रिल १९५५ च्या रामनवमीपासून वर्षभर ग. दि. माडगूळकर आणि सुधीर फडके यांनी ५६ गीते दिली; रेडिओला हार घालून लोक ऐकावयास बसत असे सांगतात. पण गाण्याच्या त्या झगमगाटात पुणे केंद्राचे बोलणे झाकले गेले. आम्हांला सांगावयाचे आहे ते त्या बोलण्याविषयी.

आमच्या लहानपणी, म्हणजे १९६० नंतरच्या दशकात, इंदापूर तालुक्यातल्या आमच्या खेड्यात चावडीवर एक रेडिओ होता. त्याला बॅटरी लागे, आणि ती भरून आणावयास बैलगाडीने जावे लागे. त्यामुळे रेडिओ ऐकणे ही फुकटची गोष्ट नाही हे आम्हांला फार लवकर कळले. सकाळी ती सुप्रसिद्ध सुरावट वाजे. ती वॉल्टर कॉफमन नावाच्या युरोपातून मुंबईला आलेल्या ज्यू संगीतज्ञाने १९३६ च्या सुमारास बांधली, हे पुढे कळले. तेव्हा ती आम्हांला आमच्याच गावच्या पहाटेचा आवाज वाटे. मग ‘वंदे मातरम्’, भक्तिगीते, आणि सातनंतर पुण्याच्या प्रादेशिक बातम्या. पुढे सुधा नरवणे यांचा आवाज त्या बातम्यांशी असा जोडला गेला की घड्याळ नसलेल्या घरांतून त्या आवाजावर मुले शाळेची तयारी करीत. साडेआठला दिल्लीहून मराठी बातम्या. दुपारी स्त्रियांसाठी, शाळांसाठी. सायंकाळी कामगारांसाठी, मग हवामान, बाजारभाव आणि खेड्यातल्या श्रोत्यांसाठी कार्यक्रम. रात्री भाषण, कधी चर्चा, कधी श्रुतिका.

ते बाजारभाव म्हणजे आमचे समुद्राचे हवामान होते. गूळ, कांदा, ज्वारी, भुसार. कुठे आवक किती, भाव काय. बारामतीच्या बाजारात गूळ नेणारा माणूस विडी विझवून ऐके. पण ज्याच्या घरी गुंठाभरसुद्धा ऊस नव्हता असा आमचा न्हावीही ऐके, आणि दुसऱ्या दिवशी हजामत करताना भावावर मत देई. नीरा डाव्या कालव्याचे पाणी इकडे १८८५ च्या सुमारास आले. कालव्याखाली ऊस उभा राहिला, माळेगाव, सोमेश्वर, भवानीनगर, वालचंदनगर इथे साखर झाली. आणि कालव्याच्या वरच्या अंगाला सुपे-मोरगावच्या बाजूला माणसे पावसाच्या थेंबाकडे डोळे लावून बसली. एकाच तालुक्यात दोन हवामाने. रेडिओवरच्या ‘पुढील चोवीस तासांत तुरळक ठिकाणी’ या शब्दांचा अर्थ बागायतदाराला एक, जिरायतदाराला अगदी दुसरा. पण ऐकत दोघेही होते, आणि एकाच चावडीवर. विविध कार्यक्रमांच्या अशा दिवसाचा खरा उपयोग आम्हांला इथे दिसतो. जे मागितले नाही तेही कानावर पडते. भाव ऐकावयास बसलेल्याला क्षयरोगावरचे भाषण ऐकावे लागते, आणि कीर्तनासाठी थांबलेल्या म्हातारीला विहिरीत औषध का टाकावे ते कळते. हल्ली प्रत्येकाच्या खिशात त्याच्या आवडीचेच तेवढे ऐकविणारे यंत्र आहे. त्याने सोय झाली, यात शंका नाही; पण न्हाव्याला गुळाचा भाव कळावयाचा बंद झाला.

पुण्याच्या ग्रामीण कार्यक्रमांत व्यंकटेश माडगूळकर अनेक वर्षे काम करीत होते, हे पुष्कळांना ठाऊक नसते. ‘बनगरवाडी’ लिहिणारा माणूस! इंदापूरहून दक्षिणेला नीरा ओलांडली की त्यांचा माणदेश काही फार लांब नाही, आणि त्या मातीचे बोलणे त्यांच्या कानात होते. मुंबई केंद्रावर ‘पुन्हा प्रपंच’ चाले. प्रभाकर जोशी, नीलम प्रभू आणि बाळ कुडतरकर यांनी पंत, मीनावहिनी आणि टेकाडे भावजी अशी तीन माणसे महाराष्ट्राच्या घरात आणून बसविली. आर्चर कुटुंबाची ही आमची भावकी समजावी. फरक इतकाच की ते खेड्यातले, आणि हे शहरातल्या बिऱ्हाडातले.

पेटीतले बोलणे चालत नाही, याचे कारण पुष्कळदा बोलणाराच असतो. आम्हांला एकदा, फार वर्षांपूर्वी, दहा मिनिटांचे भाषण देण्याचे बोलावणे आले. आधी मजकूर लिहून पाठवावा लागतो. दहा मिनिटांना हजार-अकराशे शब्द पुरतात. आम्ही दोन हजार लिहिले होते. ते कापून घेतले. ध्वनिमुद्रणाच्या खोलीत जाड दार, भिंतींना भोके असलेल्या फळ्या, टेबलावर कापड, समोर काचेपलीकडे एक गृहस्थ, आणि सेकंदाचा काटा असलेले मोठे घड्याळ. तांबडा दिवा लागला, आम्ही सभेत बोलतो तसे घसा साफ करून सुरू केले. काचेपलीकडच्या गृहस्थांनी लगेच थांबविले. ते म्हणाले, “समोर हजार माणसे नाहीत. एकच आहे, आणि ते जेवते आहे.” मग त्यांनी कागदावरच्या वाक्यांवर पेन्सिलीने रेघा मारल्या : हे लांब आहे, तोडा, इथे ‘उपरिनिर्दिष्ट’ लिहिले आहे, ऐकणाऱ्याला वर काय होते ते पाहता येत नाही, इथे आकडे चार आहेत, एक ठेवा. कागदाचा आवाज होऊ नये म्हणून पाने टाचणीतून मोकळी केली. त्या अर्ध्या तासात लिहिण्याविषयी आम्ही जे शिकलो ते पुढे कुठल्याच पुस्तकात सापडले नाही. सभेतला वक्ता श्रोत्यांचे चेहरे पाहून सुधारतो. नभोवाणीवर चेहरा नसतो, म्हणून सुधारणा आधीच कागदावर करावी लागते. ज्यांनी ती केली नाही त्यांच्यामुळे आमच्या चहावाल्यांचा नियम तयार झाला.

चेहरा नसण्याची ही अडचण दूर करण्याचा एक मोठा प्रयोग आपल्याच भागात झाला होता, आणि त्याची आठवण आज फार थोड्यांना आहे. साल १९५६. कॅनडात १९४१ पासून शेतकऱ्यांची ‘रेडिओ मंडळे’ चालत : शेजारीपाजारी एका घरी जमत, कार्यक्रम ऐकत, त्यावर चर्चा करीत आणि आपले म्हणणे लिहून कळवीत. तीच गोष्ट भारतात जमेल काय, हे पाहण्यासाठी युनेस्कोने मदत दिली, मुंबई राज्य सरकार आणि आकाशवाणी यांनी काम अंगावर घेतले, आणि जागा निवडली ती पुणे केंद्राच्या टापूतली. पाच मराठी जिल्ह्यांतली १५० गावे. त्या जिल्ह्यांत पुणे जिल्हाही होता. प्रत्येक गावात वीसेक सभासदांचे मंडळ, त्याला एक अध्यक्ष आणि एक चिटणीस. फेब्रुवारी ते एप्रिल अशा दहा आठवड्यांत, आठवड्याला दोन याप्रमाणे, अर्ध्या अर्ध्या तासाचे २० कार्यक्रम झाले. सूत्र तीन शब्दांचे : ऐका, चर्चा करा, कृती करा.

इथपर्यंत काही नवल नाही. नवल पुढे आहे. कार्यक्रम संपला की रेडिओ बंद करावयाचा आणि मंडळाने बोलावयाचे. चिटणीसाने चर्चेचा वृत्तांत आणि अडलेले प्रश्न लिहून पुण्याला धाडावयाचे. मग पुढच्या कार्यक्रमांत त्या प्रश्नांना उत्तरे मिळत. म्हणजे बोलणारी पेटी ऐकूही लागली. टाटा समाजविज्ञान संस्थेने या सगळ्याचे मोजमाप केले. तिथे त्या वेळी पॉल न्यूरथ हे मूळचे ऑस्ट्रियाचे समाजशास्त्रज्ञ आले होते; त्यांनी आणि आकाशवाणीचे महासंचालक जगदीशचंद्र माथुर यांनी लिहिलेला अहवाल युनेस्कोने १९५९ मध्ये प्रसिद्ध केला. तुलनेसाठी त्यांनी आणखी दोन प्रकारची गावे घेतली होती : रेडिओ आहे पण मंडळ नाही अशी, आणि रेडिओच नाही अशी. आधी आणि नंतर लोकांना प्रश्न विचारले. मंडळांच्या गावांत लोकांच्या माहितीत मोठी भर पडली होती. नुसता रेडिओ असलेल्या गावांत ती अगदीच किरकोळ होती.

या शेवटच्या वाक्यावर आम्ही पुष्कळ विचार केला आहे. तोच कार्यक्रम, तोच आवाज, तीच मराठी. मग फरक कशाने पडला? आम्हांला वाटते, खेड्यातला माणूस ऐकलेली गोष्ट खरी धरतो ती चारचौघांत घासून पाहिल्यावर. उंदीर मारण्याचे औषध पुण्याने सांगितले तर ते पुण्याचे. शेजारचा म्हणाला, “मी घालून पाहतो,” की ते गावाचे. मोरोपंतांच्या या बारामतीला हे सांगावयास नको. पुराणिक देवळात सांगे, पण पुराणाचा अर्थ लागे तो घरी परतताना वाटेवर. रेडिओने सांगणे आणले होते, वाट आणली नव्हती. मंडळांनी ती वाट दिली.

यश पाहून १९५९ मध्ये ही योजना देशभर नेण्याचे ठरले. मंडळांची संख्या वाढली. पण प्रयोगाच्या वेळी मंडळे बांधण्यासाठी आणि त्यांची विचारपूस करण्यासाठी खास माणसे नेमली होती, ती पुढे त्या प्रमाणात मिळाली नाहीत. कागदावरची मंडळे कागदावर राहिली. आमच्या चावडीवर असे एक मंडळ काही काळ चालले. आमच्या गावचा एक प्रश्न रेडिओवर वाचला गेला तो दिवस आम्हांला स्वच्छ आठवतो. प्रश्न चोपण जमिनीचा होता : कालव्याखालच्या रानात मीठ फुटू लागले होते. उत्तर काय मिळाले ते आठवत नाही, कारण गावाचे नाव ऐकताच जी गडबड उडाली तीत ते बुडून गेले. दुसऱ्या दिवशी ज्यांनी ऐकले होते त्यांच्याकडून ज्यांनी ऐकले नव्हते ते विचारून घेत होते, आणि तिघांची तीन उत्तरे निघाली. तो वाद आठवडाभर पुरला. पुढे चिटणीसाची बदली झाली, बॅटरी आणावयास गाडी कुणी द्यावयाची यावरून कुरकूर झाली, आणि मंडळ बसले. तेवढ्यात ट्रान्झिस्टर आला. ज्याचा त्याचा रेडिओ, ज्याच्या त्याच्या गळ्यात.

पैशाचाही प्रश्न आहेच. त्या काळी रेडिओ ठेवावयाचा तर टपाल कचेरीत परवान्याचे पैसे भरावे लागत. त्याचे पुस्तक असे. इंग्लंडातही १९२२ पासून वर्षाला दहा शिलिंग असत, आणि नुसत्या रेडिओचा परवाना १ फेब्रुवारी १९७१ रोजी बंद झाला. पण दूरचित्रवाणीच्या परवान्याच्या पैशांवर तिथले बोलते केंद्र चालत राहिले. आपल्याकडे १९८० नंतरच्या दशकात परवाना गेला. लोकांना बरे वाटले. पण पैसे भरणारा माणूस तक्रार करतो, आणि तक्रार करणाऱ्याचे ऐकावे लागते. परवान्याबरोबर श्रोत्याचा तो हक्कही सैल पडला. गाण्याची तबकडी लावावयास एक माणूस पुरतो. अर्ध्या तासाच्या चर्चेला चार माणसे बोलवावी लागतात, त्यांना प्रवासभाडे द्यावे लागते, मजकूर तपासावा लागतो. त्यामुळे काटकसर सुरू झाली की कात्री आधी बोलण्याला लागते. जून २०२३ मध्ये पुणे केंद्राचा प्रादेशिक वृत्तविभाग बंद करून ते काम छत्रपती संभाजीनगरला नेण्याचा निर्णय झाला. श्रोत्यांनी आणि वृत्तपत्रांनी गहजब केला, तेव्हा त्याला स्थगिती मिळाली. आम्हांला त्या बातमीने वाईट वाटले आणि बरेही वाटले : सकाळचे बातमीपत्र नको म्हणताच भांडणारी माणसे अजून आहेत.

राहता राहिली बारामती. २००६ अखेरीस सरकारने समाजसंस्थांना आणि कृषी विज्ञान केंद्रांना लहान केंद्रे चालविण्याची मुभा दिली. त्याआधी ती केवळ शिक्षणसंस्थांना होती. बारामतीत विद्या प्रतिष्ठानची ‘वसुंधरा वाहिनी’ ९०.४ वर आणि कृषी विज्ञान केंद्राची ‘शारदा कृषी वाहिनी’ ९०.८ वर सुरू झाली. एका तालुक्याच्या गावी दोन केंद्रे, हे भाग्य पुष्कळ जिल्ह्यांना नाही. अशा केंद्राला स्वतःच्या बातम्या देण्याची परवानगी नसते, ही उणीव मोठी आहे. पण निदान निम्मे कार्यक्रम स्थानिक असावेत असा नियमच आहे, आणि तो फार चांगला आहे.

इथे इंदापूरची मंडळी विचारतील, आम्हांला ते ऐकू का येत नाही? त्याचे कारण पदार्थविज्ञानात आहे. पुण्याचे जुने केंद्र ७९२ किलोहर्ट्झच्या मध्यम लहरींवर बोलते. या लहरी जमिनीला धरून, चढउतार ओलांडत दूर जातात, म्हणून शंभर-सव्वाशे किलोमीटरांवरच्या इंदापुरातही दिवसा पुणे लागे. रात्री आकाशातला एक थर विरतो, लहरी वरच्या थरावर आपटून परततात आणि लांबची केंद्रे मध्ये घुसतात. जुन्या रेडिओवर रात्री जी खरखर आणि परभाषेतली कुजबुज येई ती यामुळे. लहान केंद्रांच्या एफ.एम. लहरी स्वच्छ असतात, पण त्या नजरेसारख्या सरळ जातात. त्यातून नियमाने त्यांची शक्ती शंभर वॅट आणि मनोरा तीस मीटर. बारा-पंधरा किलोमीटरांपलीकडे भरवसा नाही. बारामतीचा आवाज इंदापूरच्या वेशीपर्यंत पोचणे कठीण.

म्हणून आमची एक सूचना आहे, आणि ती दोन्ही गावांनी मिळून करण्याजोगी आहे. आठवड्यात एक दिवस, सायंकाळचा अर्धा तास, एकच विषय : उन्हाळी आवर्तन कधी सुटणार आणि पाळी कुणाची, चोपण रानाचे काय करावे, उजनीच्या फुगवट्याकाठच्या विहिरी, दुधाची फॅट. बोलणारा शक्यतो गावातला. जो लिहून आणील आणि मग कागद खाली ठेवील असा. बारामती तालुक्यातली दहा गावे रेडिओवर ऐकतील. इंदापूर तालुक्यातल्या दहा गावांना तेच ध्वनिमुद्रण भ्रमणध्वनीवर धाडता येईल. तेथल्या ग्रंथालयात ते एका टेबलावर लावावे आणि भोवती वीस माणसे बसवावीत. अर्धा तास झाला की यंत्र बंद. चिटणीसाने प्रश्न लिहून घ्यावेत आणि शनिवारपर्यंत पोचते करावेत. खर्च म्हणाल तर वही, पेन आणि वीस कप चहा. चहाच्या दुकानाच्या त्या मालकांना आम्ही हे सांगितले. चहाचे ते पाहतील म्हणाले. वार मात्र बाजाराचा नको.